वेस बंद झाली ते वर्ष

जीर्णोद्धाराच्या स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे, अशी संपादक मंडळींची आज्ञा झाली तेव्हा मी देवळाच्या जुन्या लाकूडकामाविषयी लिहिणार होतो. परंतु त्या विषयावर माझ्याहून जाणत्या मंडळींचे लेख या अंकात येतच आहेत. शिवाय एक गोष्ट मनात सलत होती. आपल्या देवळाच्या कामाचा मुहूर्त सन २०२० च्या अक्षय्य तृतीयेस, म्हणजे २६ एप्रिल रोजी ठरला होता. प्रत्यक्ष काम सुरू झाले ते सन २०२२ च्या अक्षय्य तृतीयेस. मधली दोन वर्षे कोठे गेली, हे आज सर्वांस ठाऊक आहे. पण आणखी वीस-पंचवीस वर्षांनी ही स्मरणिका जो कोणी हाती घेईल, तो म्हणेल, करोनाची साथ होती म्हणून काम थांबले. इतकेच खरे नाही. गावचे ग्रामस्थ आणि गावचे मुंबईकर यांच्यामध्ये त्या वर्षी जे घडले, तेही त्याला कारण झाले. ते कोठेतरी लिहिलेले असावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. मी स्वतः त्या वेळच्या ग्राम कृती दलात होतो. तेव्हा ज्याला दोष द्यावयाचा, त्यात माझाही वाटा आहे, हे आरंभीच सांगून टाकतो.

प्रथम थोडे मागे जावे लागेल. आपला दापोली तालुका काय किंवा सारा रत्नागिरी जिल्हा काय, मुंबईच्या जिवावर जगत आला. सन २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख १५ हजार भरली. त्याआधी दहा वर्षांपूर्वी ती १६ लाख ९७ हजारांच्या आसपास होती. सारा देश वाढत असता आपला जिल्हा घटला. त्याच गणनेत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया नोंदल्या गेल्या. याचा अर्थ कोकणात मुली अधिक जन्मतात असा कोणी करू नये. पुरुष गिरणीत, गोदीत, छापखान्यात, आणि गिरण्या गेल्यावर मिळेल त्या नोकरीत मुंबईस राहिले आणि बायका, म्हातारी माणसे व गुरे गावी राहिली, एवढाच त्याचा अर्थ. लालबाग-परळच्या बाजूला एकेका गावाची खोली असे. दहा-बारा फुटांच्या त्या खोलीत वळकट्या रचून गावचे पंधरा-वीस गडी पाळीपाळीने झोपत. तेथून मनीऑर्डरी येत. त्यावर घरे शाकारली गेली, मुली उजवल्या गेल्या आणि देवळावर कौले चढली. आताच्या जीर्णोद्धाराच्या वर्गणीची यादी या अंकात अन्यत्र आहे. तीत मुंबईकरांचा वाटा किती आहे, तो वाचकांनीच पाहावा.

आणि मुंबईवर संकट आले, की माणूस गावाकडे परत यावयाचा. हे पूर्वापार आहे. सन १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी बंदराजवळच्या वस्तीत डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांस प्लेगचा पहिला रोगी सापडला. पुढील फेब्रुवारीपर्यंत साडेआठ लाखांच्या त्या शहरातून जवळजवळ निम्मी माणसे निघून गेली. त्यांतले किती तरी आगबोटींनी आणि गलबतांनी आपल्या किनाऱ्यावर उतरले. सरकारने ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा केला. बंदरांवर उतारूंची तपासणी सुरू झाली. आमची आजी तिच्या सासूच्या तोंडून ऐकलेली हकिगत सांगे. उंदीर पडू लागले म्हणजे सारी वाडी घरे सोडून मळ्यात झोपड्या घालून राही, आणि मुंबईहून आलेल्यास वेगळी झोपडी देत. वेगळी, पण देत, हे ती आवर्जून सांगे. मालवण तालुक्यात आचरा, चिंदर या गावी गावपळणीची चाल अद्याप आहे. देवाचा कौल घेऊन सारा गाव गुराढोरांसह तीन दिवस वेशीबाहेर राहतो. तिचे मूळ अशाच एखाद्या रोगराईत असावे, असा तर्क काही मंडळी करतात. तो खरा असो वा नसो, साथ आली म्हणजे काय करावे याची काही एक समज आपल्या मुलखाला होती.

दुसरा मोठा परतीचा प्रसंग आमच्या डोळ्यांदेखतचा. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख माणसे त्यात उतरली. संप चिघळला, तसे आपल्या गावचे गडी एकेक करून ट्रंका घेऊन परत आले. कोणी नांगर धरला, कोणी चिऱ्याच्या खाणीवर गेला. घरात भाकरी अर्धी झाली. पण त्या वेळी कोणाच्या मनात आले नाही, की हे का आले. वेस मोकळी होती.

सन २०२० मध्ये ती बंद झाली. ती आम्ही बंद केली.

त्या वर्षीची होळी ९ मार्चला होती. योगायोग असा, की राज्यातले पहिले दोन करोनाबाधित पुण्यास सापडले तो दिवसही हाच. त्या रात्री आपल्या होळीवर तीनशेच्यावर माणूस होता. मुंबईकर मंडळी नेहमीप्रमाणे आली होती. पालखी नाचवताना खांद्याला खांदा घासत होता. दूरदर्शनवर बातमी आली, ती कोणी मनावर घेतली नाही. ११ तारखेस जागतिक आरोग्य संघटनेने ही जगभरची साथ असल्याचे जाहीर केले. १३ तारखेस राज्य सरकारने तोच १८९७ चा कायदा बाहेर काढून लागू केला. सव्वाशे वर्षांपूर्वीचा कायदा, तोही इंग्रजांनी प्लेगसाठी केलेला! त्यानंतर दिवस भराभर बदलले. मुंबईचे सिद्धिविनायकाचे देऊळ १६ तारखेस बंद झाले, दुसऱ्या दिवशी पंढरपूर आणि शिर्डी. आपल्याकडे पालखी घरोघर फिरत होती, ती अर्ध्यात थांबली. वरची वाडी आणि खारवाडी या दोन वाड्यांत ती गेलीच नाही. तेथील बायकांनी अंगणे सारवून, ओट्या तयार करून ठेवल्या होत्या. पालखी दारापर्यंत न येता सहाणेवरून परत गेली, असे गावात पूर्वी झाल्याचे कोणाच्या ऐकिवात नाही.

त्याच आठवड्यात आपल्या जिल्ह्यातला पहिला रोगी गुहागर तालुक्यात निघाला. परदेशातून परतलेला इसम होता. २२ तारखेस जनता कर्फ्यू झाला, सायंकाळी थाळ्या वाजल्या. मुंबईच्या लोकलगाड्या बंद झाल्या. दुसऱ्या दिवशी जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या, एस. टी. थांबली. २५ मार्चला गुढीपाडवा. शके १९४२ चा तो पहिला दिवस, आणि देशभरच्या टाळेबंदीचाही पहिलाच. देवळाच्या दारास कुलूप लागले. गुरव एकटे आत जात, दिवाबत्ती करीत आणि पुन्हा कुलूप घालून किल्ली कनवटीस लावीत.

या दिवसांत गाव घाबरला होता, हे मान्य केले पाहिजे. आणि भीती निराधारही नव्हती. गावात साठीच्या पुढची माणसे निम्म्याहून अधिक. उपकेंद्रात एक परिचारिका. साधा प्राणवायू द्यावयाचा तर तालुक्यास न्यावे लागे. घशातला नमुना घेतला तर तो तपासणीसाठी मिरजेस जाई आणि उत्तर येण्यास दिवस लागत. रत्नागिरीस प्रयोगशाळा झाली ती जूनमध्ये. त्यात टीव्ही दिवसभर मुंबईचे आकडे सांगे. वरळी कोळीवाडा, धारावी ही नावे, जेथे आपलीच माणसे राहत होती, ती आता भीतीची नावे झाली. कौल लावला गेला, सीमेवर राखण दिली गेली. ग्रामपंचायतीने होमिओपॅथीच्या गोळ्याही वाटल्या. त्यांचा गुण येतो असा पुरावा नव्हता, पण हातात काही तरी आहे असे माणसाला वाटावे लागते. मी स्वतः त्या तीन दिवस घेतल्या.

सरपंचांच्या अध्यक्षतेखाली ग्राम कृती दल झाले. पोलीस पाटील, ग्रामसेवक, आशाताई, अंगणवाडी सेविका, आणि निवृत्त शिक्षक म्हणून मी. पहिलाच ठराव नाका बंद करण्याचा. वरिष्ठांचा आदेश बाहेरून येणाऱ्यांची नोंद करण्याचा व त्यांना वेगळे ठेवण्याचा होता. रस्ता अडविण्याचा नव्हता. पण आजूबाजूच्या गावांनी रस्त्यावर झाडे आडवी टाकली होती, मग आपणच मोकळे का राहावे, असा विचार झाला. देवळाच्या जोत्यासाठी जांभ्याचे चिरे आणून सहाणेजवळ रचले होते. ते ट्रॉलीत घालून नाक्यावर नेले आणि रस्त्यावर कमरेएवढी भिंत घातली. फळा रंगविला : ‘बाहेरील व्यक्तींस प्रवेश बंद.’ अक्षर माझेच होते.

‘बाहेरील’ म्हणजे कोण, याचा आम्ही त्या वेळी विचार केला नाही. फेरीवाला येणार नव्हताच. पाहुणा येणार नव्हता. येणार होते ते आपलेच.

तिकडे मुंबईत गावच्या खोलीवर त्या वेळी अकरा जण अडकले होते. खाणावळ बंद, हातावरचे काम बंद. सार्वजनिक शौचालयास रांग लावावी लागे, आणि त्याच रांगेत रोग होता. त्यांची चूल चालावी म्हणून मुंबई मंडळाने जीर्णोद्धाराच्या निधीतून तांदूळ, डाळ, तेल भरून दिले. नालासोपारा, विरार, दिवा येथे राहणाऱ्या काही कुटुंबांसही दिले. ही बातमी गावी कळली, तेव्हा येथे काही मंडळी संतापली. देवाच्या पैशाला हात कसा लावला, असा फोन गेला. तिकडून उत्तर आले, ‘तुम्ही देवाचे चिरे रस्त्यात टाकलेत, ते चालते काय?’ यावर येथून फोन ठेवला गेला. गावकी आणि मुंबई मंडळ यांचे बोलणे त्या दिवसापासून थांबले, ते दीड वर्ष. माझे मत विचाराल तर मंडळाने केले ते योग्यच केले. आज हे लिहिणे सोपे आहे. त्या वेळी मी बोललो नाही.

हापूसचा हंगाम होता. शासनाने शेतमालाच्या वाहतुकीस मोकळीक दिली होती, म्हणून आंब्याचे टेंपो वाशीच्या बाजारास जात. ते गेले, की आम्ही चार चिरे बाजूस काढून वाट करून देत असू, आणि परत आला की चालकास नाक्यावरच साबणाने हातपाय धुवावयास लावून चौदा दिवस कलमांच्या बागेतल्या मांगरात ठेवीत असू. वाशीला आंबा जाई. वाशीचा आपला माणूस येऊ शकत नसे. मे महिन्यात तो बाजारही आठवडाभर बंद राहिला आणि पेट्या झाडाखाली पिकल्या. पण आंब्याची हानी हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

आता जे सांगावयाचे, ते ज्याच्यावर गुदरले त्या बंधूंच्या संमतीने सांगतो. नाव लिहीत नाही. ते आज जीर्णोद्धार समितीत आहेत.

एप्रिलचा मध्य होता. त्यांचे वडील अर्धांगाने बरेच दिवस अंथरुणास खिळलेले. प्रकृती उतरली असा फोन गेला, तेव्हा ते मुंबईहून निघाले. भाजीच्या टेंपोतून पोलादपूरपर्यंत आले. कशेडी घाटात जिल्ह्याच्या हद्दीवर पोलिसांचा नाका होता, म्हणून रात्री आडवाटेने घाट उतरून खेड, आणि तेथून पायी दापोली. असे तीन दिवस चालून रात्री दहाच्या सुमारास ते आपल्या नाक्यावर उभे राहिले. पायांतल्या चपला तुटलेल्या. पहाऱ्यावर आम्ही चौघे होतो. ‘गुरुजी, मी आहे,’ असे ते म्हणाले. मी त्यांना चौथीत शिकविले आहे. मी म्हणालो, ‘बाबा, तू आहेस हे दिसते, पण तालुक्यास जाऊन तपासून ये.’ रात्री दहा वाजता, तीन दिवस चाललेल्या माणसास मी आणखी सात कोस मागे जा म्हणून सांगितले! शाळा वेगळे ठेवण्यासाठी अद्याप उघडली नव्हती. कोणती खोली द्यावयाची, किल्ली कोणी आणावयाची, जेवण कोणी पोचवायचे, यावर दोन बैठका होऊन निर्णय लागला नव्हता. सरपंचांना फोन लावला. ते म्हणाले, सकाळी पाहू. ते बंधू नाक्यापलीकडच्या आंब्याखाली बसून राहिले. आशाताईंनी घरून भाकरी व पाणी आणून चिऱ्यांवर ठेवले, आणि आम्हांस जे बोलावयाचे ते बोलून गेल्या. पहाटे त्यांचे वडील गेले. घर नाक्यापासून हाकेच्या अंतरावर. रडण्याचा आवाज नाक्यावर स्पष्ट आला.

अंत्यसंस्कारास वीस माणसांहून अधिक नसावीत असा नियम होता. अग्नी पुतण्याने दिला. मुलगा पऱ्ह्याच्या अलीकडे उभा राहून पाहत होता. त्यानंतर शाळा उघडली. तो एकटा तेथे चौदा दिवस राहिला. डाव्या हातावर शिक्का मारलेला होता. त्यास ना ताप आला, ना खोकला.

या घटनेनंतर आम्ही सुधारलो, असे लिहावयास मला आवडेल. तसे झाले नाही. एप्रिलच्या अखेरीस अडकलेल्या लोकांना आपल्या गावी जाण्यास सरकारने परवानगी दिली आणि मे महिन्यात पास घेऊन मुंबईकर मोठ्या संख्येने येऊ लागले. कशेडीस गाड्यांच्या रांगा लागल्या. वेस बंद ठेवणे आता शक्य नव्हते, म्हणून चिरे बाजूस झाले. पण मने बाजूस झाली नाहीत. कोणाच्या विहिरीवर पाणी भरू दिले नाही. दुकानदाराने सामान काठीच्या टोकाला पिशवी बांधून दिले. शाळेतल्या मंडळींस जेवण घरच्या माणसांनी फाटकाबाहेर ठेवून जावे, असे चाले. एका लहान मुलीने आपल्या आजीस शाळेच्या खिडकीतून हाक मारली, तेव्हा आजी पदर तोंडाला लावून उभी राहिली आणि तशीच मागे वळली. बाधित कोणी निघेल म्हणून भय होते खरे. पण त्याचबरोबर, ‘हे आले म्हणून आम्हांला धोका’ असे जे मनात बसले, ते रोगापेक्षा वेगळे होते. बहुधा असेही असेल की वर्षानुवर्षे मुंबईकर येई तो देणारा म्हणून येई. या वेळी तो मागावयास आला होता आणि काय द्यावे हे गावाला कळेना. माझा हा आपला अंदाज.

मग ३ जून उजाडला. ‘निसर्ग’ चक्रीवादळ येणार अशी सूचना आधी दोन दिवस होती. ते दुपारी अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यास लागले. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर. श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या पट्ट्यात त्याने जे केले ते आजही माडांच्या बुंध्यांवर दिसते. आपल्या गावी साडेअकराच्या सुमारास शाळेचे पत्रे उडाले. आत बायकापोरांसह चौदा जण होते. भिंती ओल्या, वरून पाणी, बाहेर फांद्या उडताहेत. गुरवांनी कोणास विचारले नाही. कनवटीची किल्ली काढली, देऊळ उघडले आणि त्या चौदा जणांस सभामंडपात घेतले. अर्ध्या तासात ज्यांची कौले गेली होती ती गावची माणसेही तेथेच आली. सायंकाळी मंडपात साठ-सत्तर माणूस होते, ओले, एकमेकांस चिकटून बसलेले. चार हातांचे अंतर ठेवावयाचे तर कोणी कोणाला बाहेर काढावयाचे? देवळाचीही अर्धी कौले गेली होती. ज्या कोपऱ्यात गळत नव्हते त्या कोपऱ्यात पोरे निजली, त्यांत शाळेतली कोणती आणि गावातली कोणती, हे अंधारात ओळखू येत नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून वाटा मोकळ्या करावयाच्या होत्या. आम्ही मार्चमध्ये दहा चिऱ्यांनी रस्ता अडविला होता. वाऱ्याने शंभर झाडांनी अडविला. करवती आणि कोयते घेऊन पुढे कोण आले? शाळेतले ते मुंबईकर. गावात तरुण हात होतेच कोठे! वीज आपल्याकडे जवळजवळ महिनाभर नव्हती. विहिरीचे पाणी रहाटाने काढावे लागले. नुकसानभरपाई बागांना हेक्टरी ५० हजार रुपये जाहीर झाली. पूर्वीच्या दराहून ती पुष्कळ होती. पण हेक्टर म्हणजे सुमारे शंभर गुंठे, आणि आपल्या सुपारीच्या वाड्या पाच-पाच गुंठ्यांच्या. पाच गुंठ्यांस अडीच हजार होतात. पोफळ नव्याने लावून फळ येण्यास सहा-सात वर्षे लागतात, हा हिशेब ज्याचा त्याने करावा.

जूनच्या अखेरीस गावात तिघे बाधित निघाले. ते त्या रात्रीमुळे की बाजारहाटामुळे, हे कोणी सांगू शकले नाही आणि कोणी विचारलेही नाही, हे मला विशेष वाटले. तिघेही तालुक्याच्या कोविड केंद्रातून बरे होऊन आले. १ जुलैला आषाढी होती. पायी वारी त्या वर्षी नव्हती. देहू-आळंदीच्या पादुका आदल्या दिवशी एस. टी. बसने मोजक्या माणसांनिशी पंढरपुरास गेल्या. आपल्या गावचे वारकरी पाच दिवस अंगणातच टाळ घेऊन बसत.

गणपती २२ ऑगस्टला. घरची मूर्ती दोन फुटांपर्यंत असावी, असा नियम झाला. मुंबईकरांनी १२ ऑगस्टपूर्वी यावे, दहा दिवस वेगळे राहावे, एस. टी. ने येणाऱ्यास पासाची जरूर नाही, असे सरकारने ठरविले. काही गावांनी चौदा दिवसांचा हट्ट धरला. आपल्या ग्रामसभेत हा विषय निघाला तेव्हा आशाताई उठल्या आणि म्हणाल्या, ‘दहा म्हणजे दहा. डबे मी पोचवते.’ कोणी पुढे बोलले नाही. पाच महिने त्या बाईने उन्हापावसात दारोदार फिरून नोंदी केल्या होत्या. गावकऱ्यांनी बोलावे आणि मुंबईकरांनीही. मानधन काय मिळते, हे विचारल्यास त्या हसत. पुढल्या वर्षी जूनमध्ये राज्यभरच्या आशांनी संप केला, तेव्हा आपल्या ग्रामपंचायतीने पाठिंब्याचा ठराव दिला, ही एक बरी गोष्ट.

जी घरे त्या गणपतीस उघडलीच नाहीत, अशी सात होती. त्यांचे गणपती शेजाऱ्यांनी आपल्या पाटाशेजारी दुसरा पाट मांडून बसविले, आणि आरतीच्या वेळी फोन धरून मुंबईस दाखविले. त्यांतली चार घरे अशी, ज्यांचे मे महिन्यात विहिरीवरून भांडण झाले होते. जाखडी नाही, फुगड्या नाहीत, घरोघरचे भजन नाही. विसर्जन मुक्याने झाले.

देऊळ १६ नोव्हेंबरास, दिवाळीच्या पाडव्याला उघडले. पुढील एप्रिलात पुन्हा बंद झाले. सन २०२१ च्या त्या दुसऱ्या लाटेत आपल्या गावची चार माणसे गेली, दोन येथे, दोन मुंबईत. त्या वेळी मात्र नाका कोणी बंद केला नाही. शाळेत बारा खाटा लावल्या, त्यांपैकी आठ मुंबई मंडळाने पाठविल्या. बोलणे अजून थांबलेलेच होते; खाटा निरोपाशिवाय आल्या. ७ ऑक्टोबर २०२१, घटस्थापनेस देवळे पुन्हा उघडली. त्यानंतर दिवाळीत मंडळाचे पदाधिकारी गावी आले आणि सभामंडपात बैठक झाली. हिशेब वाचला गेला. धान्यास गेलेली रक्कम त्यांनी खोलीवाल्यांच्या वर्गणीतून निधीत परत भरली होती, तिची पावती पुढे ठेवली. येथून कोणीतरी म्हणाले, ती रक्कम परत घेऊ नये, अन्नदानाच्या खाती लिहावी. त्यावर बरीच वादावादी झाली. अखेर तशीच लिहिली. त्यानंतर मी उठून फळ्याविषयी आणि त्या रात्रीविषयी जे बोलावयाचे ते बोललो. ते बंधू बैठकीत होते. ते म्हणाले, ‘गुरुजी, बाबांच्या दहाव्याला गावात एकही न्हावी आला नाही, त्याचे मला अधिक वाईट वाटले.’ हे आम्हांस कोणास ठाऊकही नव्हते.

सन २०२२ ची होळी १७ मार्चला होती. पालखी बाहेर काढताना मानकऱ्यांनी ठरविले, की क्रम मोडून प्रथम वरची वाडी व खारवाडी घ्यावी, कारण त्यांची दोन वर्षांपूर्वीची ओटी राहिलेली आहे. तशी ती गेली. त्यानंतर अक्षय्य तृतीयेस, ३ मे रोजी, जोत्याचे काम सुरू झाले. नाक्यावरचे चिरे परत आणले, त्यांतले बरेचसे वाहनांच्या धक्क्याने फुटले होते. चांगले निघाले ते प्रदक्षिणेच्या वाटेला वापरले आहेत.

कृती दलाची नोंदवही शाबूत आहे. २४ मार्च २०२० पासून कोण कोणत्या दिवशी नाक्यावर आला, कोठून आला, कोठे ठेवला, केव्हा सोडला, ते सर्व तीत आहे. पहिल्या तीन आठवड्यांत ‘परत पाठविले’ असा शेरा नऊ ठिकाणी आहे, आणि त्यांपैकी सहा माझ्या अक्षरात आहेत. वही देवळाच्या पेटीत गुरवांकडे ठेवली आहे. ज्यास पाहावयाची असेल, त्याने मागून घ्यावी.